डिजिटल दिवाळी अंक फोनवर वाचता येईल असा काढा

संपादक महोदय,

गणपती गेले की दिवाळी अंकांच्या जाहिराती सुरू होतात आणि हल्ली त्यांच्या तळाशी एक ओळ हमखास असते : ‘ई-अंकही उपलब्ध’. मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली याच मुंबई शहरातून काढला. कागदावरचा अंक कसा सजवायचा हे मुंबईच्या छापखान्यांना तेव्हापासून चांगलेच जमते आहे. ई-अंक म्हणून मात्र वाचकाच्या पदरी बहुतेक वेळा पडते ती छापखान्यात गेलेलीच पीडीएफ. मराठी ई-पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन हे आमचे रोजचे काम. ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ ॲपमध्ये नसते, पाने लावणाऱ्याच्या टेबलावर असते आणि तिथेच त्या मिटवता येतात, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी साधा हिशोब. ए-फोर आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद असते, फोनचा पडदा साधारण ६८ मिलिमीटर. पान पडद्यावर पूर्ण बसवले की ते एक-तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे. इतक्या बारीक अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, अनुस्वार तर नाहीसाच होतो. मग वाचक दोन बोटांनी पान मोठे करतो. अंक दोन रकान्यांचा असेल तर एक रकाना संपला की पान वर ओढायचे, उजवीकडे सरकवायचे, पुन्हा खाली यायचे. विरारच्या गाडीत एक हात कडीला असताना हे कोण करणार? माणूस दोन पानांत कंटाळतो आणि पुढच्या वर्षी ई-अंक घेत नाही. प्रकाशक म्हणतो, मराठी वाचक डिजिटलला पैसे मोजत नाही. मोजतो, फक्त एकदाच.

याला उपाय म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी आपोआप जुळवून घेणारी फाइल. ईपब हा त्याचा सर्वमान्य नमुना. आतून ती वेबपानांची झिप केलेली पेटीच असते आणि तिच्या ३.३ आवृत्तीला डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. ती तयार करायला पैसे लागत नाहीत, लागतो तो मजकूर. खरी अडचण तिथेच आहे.

अनेक ठिकाणी पाने अजून जुन्या फॉन्टांत लागतात. या फॉन्टांत ‘क’, ‘ख’ यांना इंग्रजी अक्षरांचे क्रमांक उसने दिलेले असतात. फॉन्ट काढला की मजकुराचे कडबोळे होते. त्याचे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. ही अदलाबदल करताना जोडाक्षर आडवे आले की प्रोग्रॅम फसतो. ‘वर्ष’चे ‘वषर्’ होते, ‘स्थिती’तली पहिली वेलांटी अर्ध्या ‘स’लाच चिकटते. परिच्छेदात मध्येच रोमन लिपीतला शब्द असेल तर प्रोग्रॅम त्यालाही जुना मराठी मजकूर समजतो आणि एखाद्या संस्थेच्या नावाच्या जागी निरर्थक मराठी अक्षरे उमटतात. म्हणून पाने लावतानाच मराठी आणि रोमन मजकुराला वेगवेगळी शैली द्यावी आणि रूपांतर फक्त मराठी शैलीपुरते चालवावे.

रूपांतर झाल्यावर मुद्रितशोधकाकडे देण्याआधी यंत्राकडून चार शोध घ्यावेत. शब्दाच्या सुरुवातीलाच आलेली वेलांटी. शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला ‘र’. लागोपाठ आलेल्या दोन मात्रा किंवा काना-मात्रा. आणि पाय मोडल्याच्या खुणेनंतर लगेच आलेली कोणतीही स्वरखूण. मराठीत हे चारही प्रकार सहसा संभवत नाहीत, त्यामुळे जे सापडेल ती बहुतेक चूकच असते. हे काम दोनशे पानांच्या अंकालाही काही मिनिटांचेच आहे. त्यानंतरही एक पूर्ण वाचन हवेच. छापील अंकाचे प्रूफ एकदा वाचले म्हणजे ई-अंकाचे वाचल्यासारखेच, हा समज अगदी चुकीचा आहे.

एक बारकावा थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, ०९३१ क्रमांकाचे, आणि त्याचा पाय मोडून पुढचे अक्षर. दुसरा म्हणजे साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, २००डी क्रमांकाचे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. वाचकाने ‘दुसऱ्या’ असा शोध घेतला आणि अंकात तो दुसऱ्या पद्धतीने टाइप झालेला असला की ‘काहीही आढळले नाही’. याहून वाईट म्हणजे, मजकूर ‘स्वच्छ’ करणारी अनेक साधने न दिसणारी चिन्हे सरसकट पुसतात. मग अर्ध्या ‘र’चा रफार होतो, सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ एका फटक्यात ‘दर्या’ होतात आणि स्पेलचेकरला त्यात काही वावगे दिसत नाही. एकच पद्धत धरायची : ‘ऱ’. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर तो शिफ्ट दाबून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की मिळतो. आधीच्या सगळ्या मजकुरात दुसरी पद्धत शोधून ती बदलून घ्यावी. ‘ॲ’चेही तसेच. काही जण ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र देतात, तर २००८ पासून युनिकोडमध्ये अख्खा ‘ॲ’ आहे. सूची किंवा लेखकनामावली असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. संगणकाच्या नुसत्या क्रमाने लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो, आपल्या वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे.

आता मांडणी. रोमन लिपीसाठी बनवलेला साचा जसाच्या तसा मराठीला लावला की काय होते ते रोज दिसते : वरची मात्रा आदल्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी ठेवू नये, १.६ पट बरे दिसते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय मराठीत कधीही वापरू नये. शिरोरेषा तुटून शब्दाची लक्तरे होतात. छापील पानासारखे दोन्ही कडा सारख्या करण्याचा हट्टही फोनवर सोडावा. ‘विद्यापीठांमधल्यासारखेच’ असा एक शब्द आला की पडद्यावरची अर्धी ओळ संपते आणि उरलेल्या दोन शब्दांत मैदान पडते. डावीकडून ओळ सुरू करावी, उजवी कड वेडीवाकडी राहू द्यावी. वाचकाला ते खटकत नाही. खटकते ते मांडणीकारालाच!

फॉन्ट फाइलमध्येच घालून द्यावा. ‘मुक्त’, ‘तिरो देवनागरी मराठी’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे चांगले फॉन्ट मुक्त परवान्याखाली मोफत आहेत. फाइल हलकी करण्यासाठी फॉन्टमधली न लागणारी अक्षरे छाटली जातात, तेव्हा जोडाक्षरांचे नियम त्यात राहिलेत ना हे पाहावे. ते गेले की ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ मोडलेल्या पायांसह उघडे पडतात. लेखाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस असेल तर ‘स्त्री’ या शब्दाने सुरू होणारा लेख घेऊन चाचणी करावी. काही वाचन-ॲप एकटा ‘स’ मोठा करून बाकीचे तसेच ठेवतात. कवितेची ओळ मोडली तर तिचा उरलेला भाग आत सरकवून दिसावा, नाहीतर कवीने न लिहिलेल्या ओळी वाचकाच्या वाट्याला येतात. व्यंगचित्रातले संवाद खाली मजकूर म्हणूनही द्यावेत, राशिभविष्याचा तक्ता चित्र म्हणून चिकटवू नये.

वजनाचाही विचार करावा. स्कॅन केलेले ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० बिंदू धरून, २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते. बऱ्यापैकी दाबून ते एका एमबीचे झाले असे धरले तरी दोनशे पानांचे दोनशे एमबी. हाच अंक मजकूर म्हणून घेतला तर पानी साडेतीनशे शब्दांप्रमाणे सत्तर हजार शब्द, शब्दामागे सरासरी सात चिन्हे, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट धरले तरी दीड एमबीच्या आतबाहेर. झिप झाल्यावर त्याहून कितीतरी कमी. शंभर केबीची चाळीस चित्रे आणि फॉन्ट धरून अंक पाच एमबीत बसतो. हे गणित वाचकाच्या डेटा पॅकपुरते नाही. मेट्रो ३ च्या भुयारात नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. अंक एकदा उतरवला की पुन्हा इंटरनेट न मागता उघडला पाहिजे. मुखपृष्ठ दाखवायलाही सर्व्हरला विचारणारी ॲप आहेत. पैसे देऊन घेतलेला अंक उघडताना चाक फिरत बसले की माणूस चिडणारच.

ईपब तयार झाल्यावर ‘ईपबचेक’ हे फाइलमधल्या चुका शोधणारे मोफत साधन चालवून पाहावे. नेहमी आढळणारी चूक अशी : फाइल उघडून एखादी दुरुस्ती केली आणि फोल्डर साध्या पद्धतीने पुन्हा झिप केला. ईपबमध्ये ‘माइमटाइप’ नावाची छोटी फाइल पेटीत सर्वांत आधी आणि न दाबता असावी लागते. साध्या झिपमध्ये तो क्रम राहत नाही. काही ॲप ही चूक पोटात घालतात, काहींत तो अंक उघडतच नाही, आणि मग ‘माझ्या मित्राच्या फोनवर चालतो, माझ्या नाही’ अशी कोणालाच न उलगडणारी तक्रार येते.

भाषेची खूणही त्याच वेळी तपासावी. मराठीसाठी ती ‘एमआर’ अशी असते. परदेशी साच्यात ती ‘ईएन’ राहून जाते, नाहीतर कोणी ‘एचआय’ टाकून ठेवतो. खूण बरोबर असेल तर ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे दिसतात. अंध वाचकासाठी तिचे मोल फार मोठे. फोन मजकूर वाचून दाखवतो तो याच खुणेवरून आवाज निवडून. ‘एचआय’ असेल तर ‘चमचा’ हिंदी वळणाने ऐकू येतो, ‘ईएन’ असेल तर काही यंत्रे देवनागरी ओळीच गाळतात. वरळीत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे कार्यालय आहे. अंध वाचकांना वाचनीय स्वरूपात पुस्तके मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. आणि आपले ई-अंक मात्र पानांचे फोटो! फोटोतून वाचनयंत्राला ‘चित्र, चित्र, चित्र’ याखेरीज काही मिळत नाही.

मजकूर नीट झाला की विक्रीकडे यावे. जाहिरातीतला क्यूआर कोड थेट त्या अंकाच्या पानावर उतरावा, प्रकाशनाच्या मुख्य पानावर नव्हे. तिथे एक अख्खा लेख फुकट वाचायला असावा. किंमत पहिल्याच पडद्यावर करासह दाखवावी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि ई-पुस्तकावर आहे, हे ग्राहकाला शेवटच्या पडद्यावर कळले की त्याला फसवल्यासारखे वाटते. पासवर्ड मागू नये, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी पुरे. मराठी ओटीपी पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की युनिकोड एसएमएस एका संदेशात ७० चिन्हांचा, रोमन १६० चा. शुभेच्छा आणि प्रकाशनाचे पूर्ण नाव आधी घातले की दोन संदेशांचे पैसे पडतात आणि आकडे फोनवरच्या झलकेतही दिसत नाहीत. आकडे पहिले, बाकी नंतर.

सर्वांत जास्त राग येतो तो यूपीआय अडकल्यावर. खात्यातून पैसे गेले, पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’. ग्राहक पुन्हा पैसे भरतो आणि दोनदा कापले जातात. यातली चूक बऱ्याचदा बँकेची नसते. पैसे जमा झाल्याचा निरोप ग्राहकाच्या ब्राउझरमार्फत येईल असे धरून पान बांधलेले असते. त्याने यूपीआय ॲपमधून परत येताना पान बंद केले की निरोप हरवतो. निरोप पेमेंट गेटवेकडून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ सेवेकडून, थेट प्रकाशकाच्या सर्व्हरवर यायला हवा, आणि तो आला नाही तर सर्व्हरने स्वतः काही मिनिटांनी पुन्हा विचारायला हवे. तोवर पडद्यावर ‘पैसे मिळाले का ते तपासत आहोत, पुन्हा भरू नका’ असे स्पष्ट मराठीत लिहावे. विक्रेत्याकडे पोचलेच नाहीत ते पैसे पाच दिवसांत आपोआप परत व्हावेत असे रिझर्व्ह बँकेचे २०१९ चे परिपत्रक सांगते, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. हीच माहिती मदतीच्या पानावर दिली तरी निम्मा संताप ओसरेल.

वार्षिक वर्गणीबाबत दोन वाक्ये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत. वर्गणीतून बाहेर पडणे मुद्दाम अवघड करणे हा त्यातलाच एक. वर्गणी दोन टिचक्यांत सुरू होत असेल तर बंद करायला कार्यालयीन वेळेत फोन करायला लावू नये.

पीडीएफला पासवर्ड घालणाऱ्यांबद्दल आमचे मत थोडे कडू आहे. ज्याला फाइल व्हॉट्सॲपवर पसरवायची आहे तो पासवर्डही त्याच निरोपात लिहितो. अडतो तो प्रामाणिक माणूस, ज्याला सहा महिन्यांनी पासवर्ड आठवत नाही. श्रेयनामावलीच्या पानावर ‘ही प्रत अमुक यांच्यासाठी’ अशी ओळ आपोआप छापली तर बराचसा वचक बसतो आणि वाचनात खोडा येत नाही. शिवाय ग्राहक फाइल विकत घेतो आहे की फक्त वाचण्याची परवानगी, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. त्या कंपनीने पैसे परत केले. लहान प्रकाशकाला ते झेपणार नाही, म्हणून त्याने फाइलच देऊन टाकावी.

प्रकाशनाआधीची चाचणी कार्यालयातल्या नव्या फोनवर करून उपयोग नाही. चार जीबी मेमरीचा तीन-चार वर्षे जुना अँड्रॉइड घ्यावा, अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये सर्वांत मोठा करावा, रात्रीचा काळा पडदा लावावा. पांढऱ्या कागदासाठी केलेली काळी बोधचिन्हे काळ्या पडद्यावर गायब होतात आणि मोठ्या अक्षरांत ‘खरेदी करा’ हे बटण पडद्याबाहेर जाते. मग ग्रंथालयातल्या पाच-सहा नियमित वाचकांना, त्यात साठीपुढचे निम्मे, फोन हाती द्यावा : अंक घ्या, तिसरी कथा उघडा, अर्ध्यावर थांबा, बंद करा, पुन्हा तिथेच या. मध्ये बोलू नये, बोट दाखवू नये. अंगठा जिथे घुटमळतो ती जागा लिहून घ्यावी. बटणे ४८ डीपीहून (डीपी हे अँड्रॉइडचे पडद्यावरचे माप) लहान असतील तर ती चुकून दाबली जातात, आणि अनुक्रमणिका वरच्या कोपऱ्यात असेल तर एका हाताने ती गाठता येत नाही.

या सगळ्याला वेळ कुठे आहे, असे दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक संपादक म्हणेल. वेळ खातो तो शेवटच्या आठवड्यातल्या दुरुस्त्यांचा गोंधळ. त्या पानांवरच केल्या जातात, लेखकाची मूळ फाइल जुनीच राहते, आणि ई-अंक करणाऱ्याच्या हाती ती जुनी फाइल पडते. म्हणून डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचे, काम देतानाच करारात एक अट घालावी : शेवटच्या प्रूफातल्या दुरुस्त्यांसह सगळा मजकूर युनिकोडमध्ये, लेखागणिक वेगळ्या फाइलमध्ये, चित्रे आणि त्यांच्या ओळी स्वतंत्र, छपाईची पीडीएफ देण्याच्या दिवशीच मिळावा. डीटीपीवाले त्याचे थोडे जास्त पैसे मागतील. ते द्यावेत.

– मराठी ई-पुस्तकांची मांडणी, मुद्रितशोधन व तांत्रिक कामे करणारे काही जण, दादर, मुंबई